‘प्रिंटर चालू कर’: काउंटरच्या मशीनच्या नोंदी

२६ डिसेंबर २०२४, गुरुवार, रात्री

औशाला काकांच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात तीन मशीन आहेत. एक काउंटरचं (४ जीबी रॅम, एसएसडी मी गेल्या वर्षी बसवली), एक आतलं डीटीपीचं, आणि मागच्या खोलीत एक जुनं, ज्याच्यावर रोजचा बॅकअप जातो. तिन्हींवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२, एक्सएफसीई डेस्कटॉप. मी लातूरला नोकरीला. अंतर वीस किलोमीटर, त्यामुळं संध्याकाळी नाहीतर सुट्टीला येऊन बघायचं. ह्या नोंदी त्यासाठीच. मागच्या खेपेला काय केलं होतं ते पुढच्या खेपेला आठवत नाही.

तक्रार एकच: सकाळी प्रिंट निघत नाही. ऑक्टोबरमध्ये मीच काउंटरच्या डेस्कटॉपवर ‘प्रिंटर चालू कर’ नावाचं बटण करून दिलं होतं. दाबलं की मागं कप्स रीस्टार्ट होतं (कप्स म्हणजे लिनक्समध्ये प्रिंटची कामं रांगेत लावून प्रिंटरकडं पाठवणारी, मागं सतत चालणारी सर्व्हिस). आधी एकदा दाबून भागायचं म्हणे. आता काका तीन-चारदा दाबतात, मग प्रिंटर बंद-चालू करतात, मग कधीतरी प्रिंट निघते. कशानं निघाली ते कुणालाच सांगता येत नाही.

आज ठरवलं, बटण दाबायचं नाही. रीस्टार्ट केलं की बिघाड ज्या अवस्थेत होता ती अवस्थाच पुसली जाते, मग बघायचं काय? काकांना हे पटलं नाही. “आरं बघत काय बसलास, बटण दाब की. गिऱ्हाईक उभं हाय.” गिऱ्हाईक खरंच उभं होतं, सातबारा आणि आठ-अ हवा होता. आतल्या मशीनवरून काढून दिला.

सर्व्हिस चालू आहे का ते बघायला ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस कप्स’ केलं. हिरवा ठिपका, ॲक्टिव्ह, रनिंग. आणि रांगेत सहा कामं पडून. हिरवा ठिपका एवढंच सांगतो की प्रोसेस मेलेली नाही. शटर वर आहे म्हणून मालक गल्ल्यावर बसलेला असतोच असं नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. सर्व्हिस कधीपासून चालू आहे त्याची वेळ होती ७:४५, आणि भिंतीवर वाजले होते ७:५२. बटण तर कुणी दाबलं नव्हतं. मग सात मिनिटांपूर्वी कप्स चालू केलं कुणी? एसटी गाठायची होती, तसाच निघालो.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आल्या आल्या ‘जर्नलसीटीएल -यू कप्स --सिन्स टुडे’, म्हणजे मशीनच्या नोंदवहीतल्या (जर्नलमधल्या) कप्सच्या आजच्या नोंदी. सकाळी ९:१५ ला बंद, चालू. ९:३० ला बंद, चालू. ९:४५, १०:००, १०:१५. दिवसभर असंच, घड्याळ लावल्यासारखं. घड्याळ लावलेलंच होतं, आणि लावलेलं मीच. रूटच्या (मुख्य खात्याच्या) क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालवायच्या आज्ञांच्या यादीत, एक ओळ सापडली: दर पंधरा मिनिटांनी कप्स रीस्टार्ट. दिवाळीच्या गर्दीत फोनवर फोन यायला लागले तेव्हा तात्पुरतं म्हणून टाकलं होतं. तात्पुरतं दोन महिने चाललं.

आणि मग ती दुसरी तक्रार उलगडली, जी काकांनी कधी नीट तक्रार म्हणून सांगितलीच नव्हती. “पाच प्रती म्हटलं की आठ निघत्यात, नायतर आर्ध्यात पुन्हा पयल्यापासून चालू.” मी कागद मोजण्यात चूक झाली असेल असं समजून सोडून दिलेलं.

हिशोब असा. बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला आहे, क्लासवाल्यांचे सराव प्रश्नसंच जोरात आहेत. एक संच ८४ पानांचा, पाच प्रती म्हणजे ४२० पानं. आपला लेझर मिनिटाला साधारण एकोणीस पानं काढतो, म्हणजे बावीस मिनिटांचं काम. पंधराव्या मिनिटाला क्रॉन कप्सला थांबवतो. कप्स थांबताना चालू काम टाकून देत नाही, ते परत रांगेत ठेवतो, आणि उठल्यावर पहिल्या पानापासून सुरू करतो. त्याच्या जागी ते बरोबरच आहे. पण काम बावीस मिनिटांचं आणि रीस्टार्ट पंधरा मिनिटांनी, म्हणजे ते काम जन्मात पुरं व्हायचं नाही. काका वैतागून ट्रेमधला कागद काढून घ्यायचे तेव्हा ते थांबायचं. काउंटरखाली पाठकोऱ्या कागदांचा जो गठ्ठा आहे, त्याच्यात माझा वाटा किती ते आज कळलं.

क्रॉनची ओळ काढली. काकांना सांगितलं की चूक माझी होती. ते काही बोलले नाहीत, गठ्ठ्यातला एक कागद घेऊन त्याच्यावर उधारी लिहिली.

सकाळची प्रिंट न निघणं मात्र ह्यानं सुटत नाही. ते उद्या.

२८ डिसेंबर, शनिवार

सुट्टी असल्यानं सकाळी दुकान उघडायच्या वेळेलाच हजर. बटणाला हात लावू दिला नाही. प्रिंटरची अवस्था दाखवणाऱ्या ‘एलपीस्टॅट -पी’ नं सरळ सांगितलं: प्रिंटर डिसेबल्ड. सर्व्हिस ठणठणीत आणि रांगच थांबवलेली. रांग थांबलेली आहे ही गोष्ट कप्स स्वतःच्या फायलीत लिहून ठेवतो, त्यामुळं शंभरदा रीस्टार्ट केलं तरी ती थांबलेलीच राहते. ती सोडायला ‘कप्सएनेबल’ लागतं.

मग आजवर बटणानं प्रिंट निघायची कशी? आतल्या मशीनवर बसणाऱ्या पोराला विचारलं तर तो सहज म्हणाला, “मी रोज प्रिंटरच्या खिडकीत जाऊन चालू करतो की. काका हाक मारतात तेव्हा.” म्हणजे काका बाहेर बटण दाबत, आत हाक मारत, हा आतून काउंटरच्या प्रिंटरची रांग सोडत असे, आणि श्रेय बटणाला. दोन महिने.

रांग कशामुळं थांबते, हे कप्सच्या स्वतःच्या एरर लॉगमध्ये आहे. हा लॉग जर्नलमध्ये नाही, ‘व्हार-लॉग-कप्स’ च्या फोल्डरात वेगळी फाइल असते. मी काल जर्नलच चाळत बसलो आणि तिथं काही नव्हतं. ह्या फाइलमध्ये कालच्या संध्याकाळची ओळ: बॅकएंड (कप्सचा प्रिंटरशी बोलणारा भाग) फेल झाला, प्रिंटर थांबवला. संध्याकाळी लाइट गेली होती. कॉम्प्युटर यूपीएसवर आहेत, लेझर प्रिंटर नाही, आणि तो तिथं लावायचाही नाही. फ्यूजर (टोनर कागदावर तापवून पक्का करणारा भाग) तापताना तो इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस जागेवर बसतो. तर प्रिंटर पान काढता काढता मेला, मशीन चालू राहिलं, कप्सला दिसलं की पलीकडचा गायब. आणि आपल्या रांगेवर चुकीचं धोरण लावलेलं होतं ‘स्टॉप-प्रिंटर’: अडचण आली की रांगच बंद करा, माणूस येऊन बघेल. मोठ्या ऑफिसात ठीक असेल. इथं माणूस येतो आणि रीस्टार्टचं बटण दाबतो.

‘एलपीॲडमिन’ नं त्या रांगेचं धोरण बदलून ‘रिट्राय-जॉब’ केलं. आता काम फसलं तर कप्स थोड्या वेळानं तेच पुन्हा करून बघेल; मुळातला हिशोब दर तीस सेकंदांनी, पाचदा. लाइट एवढ्यात येत नाही, म्हणून ‘कप्सडी’ च्या कॉन्फमध्ये तीसचे एकशे वीस सेकंद आणि पाचचे तीस वेळा केले. तासभर तग धरेल.

मग खरी परीक्षा. दहा पानांचं काम सोडलं आणि चौथ्या पानाला प्रिंटरची पिन काढली. दोन मिनिटं थांबून लावली. काम परत पहिल्या पानापासून आलं, पण आलं, कुणी काही न दाबता.

एक गंमत लिहून ठेवतो. मधे एकदा कप्स पूर्ण बंद करून बघायचं होतं. ‘स्टॉप’ दिलं, लिब्रेऑफिसमध्ये प्रिंटची खिडकी उघडली, आणि कप्स परत चालू! वाटलं अजून एक क्रॉन राहिला की काय. तसं नव्हतं. ‘स्टॉप’ देताना सिस्टिमसीटीएलनं बजावलेलं, मी वाचलं नव्हतं: कप्स.सॉकेट आणि कप्स.पाथ अजून जागे आहेत, ते त्याला उठवू शकतात. सॉकेट दारावर बसलेला असतो, कुणी टकटक केली की आतल्याला उठवतो. खरोखर झोपवायचं तर तिघांना एकदम थांबवायचं.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस (रानात जाऊन साजरी करायची वेळ अमावस्या). दुकान बंद, बाजारपेठ बंद, गाव रानात. कोपीत पूजा, भज्जी, उंडे, आंबील. मशीनला आज सुट्टी आणि मलाही.

३१ डिसेंबर, मंगळवार

आज भुताची गोष्ट.

सकाळी काकांचा फोन: बॅकअप झाला नाही अशी लाल खिडकी आलीय. (ती सूचना मीच लावलेली.) संध्याकाळी येऊन बघतो तर जर्नल म्हणतंय, बॅकअप फेल झाला २९ डिसेंबरला रात्री ८:३१ ला. काका म्हणतात रविवारी साडेआठलाच मेन स्विच पाडून शटर ओढलं, ८:३१ ला तर ते बाहेर कुलूप लावत होते. मग बंद दुकानात, बंद मशीनवर बॅकअप चालवला कुणी?

पाऊण तास ह्याच्यात गेला. मोबाइलवरून कुणी घुसलं का, यूपीएसनं मशीन परत चालू केलं का, सगळं बघून झालं. शेवटी ‘जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स’ (मशीन कधी चालू झालं, कधी बंद झालं त्याची यादी) बघितलं आणि डोक्यात उजेड पडला. २९ ला संध्याकाळी एक बूट संपलेलं, आणि पुढचं बूट चालू झालेलं त्याच संध्याकाळी आणि संपलेलं नाही, आजपर्यंत चालूच. म्हणजे ते बूट आज सकाळचं आहे. सुरुवातीच्या काही ओळींवर तर भलताच जुना महिना. घड्याळ चुकलेलं.

काय होतं ते असं. मदरबोर्डवरचा सेल मेलाय. प्लग लावलेला असतो तोवर कळत नाही, कारण बंद मशीनलाही एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) थोडी वीज पुरवत राहतो आणि घड्याळ त्याच्यावर चालतं. पण काका रात्री मेन पाडतात. मग घड्याळाला सेलशिवाय आधार नाही, आणि सेल संपलेला. सकाळी मशीन उठतं तेव्हा त्याला तारीख ठाऊकच नसते. सगळ्या सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीचा टाइमसिंकडी (नेटवरून वेळ जुळवणारा) चालू असताना मिनिटाला एकदा वेळ एका फाइलवर जपून ठेवतो; उठल्यावर तीच शेवटची वेळ लावून मोकळा होतो. त्यामुळं आज सकाळी सव्वानऊला मशीनला वाटत होतं की रविवारची रात्र आहे. नेट जोडलं गेलं, खरी वेळ आली, घड्याळानं दीड दिवसाची उडी मारली. मधल्या मिनिटभरात जे काही झालं ते सगळं रविवारच्या नावावर.

वाईट ह्याचं वाटलं की २८ तारखेला मी ‘कालच्या संध्याकाळची’ म्हणून जी ओळ वाचली, ती तरी खरंच संध्याकाळची होती का? परत जाऊन तपासलं. ती होती, तेव्हा घड्याळ बरोबर झालेलं होतं. पण नशिबानं.

पुढं ध्यानात ठेवायचं: ह्या मशीनवर ‘--सिन्स’ वर विसंबायचं नाही. ‘-बी’ लावून बूटनिहाय वाचायचं, आणि ‘-ओ शॉर्ट-मोनोटॉनिक’ दिलं की तारखेऐवजी बूट झाल्यापासूनचे सेकंद दिसतात. ते खोटं बोलत नाहीत. फेल झालेला बॅकअप एकविसाव्या सेकंदाला, नेट जोडलं गेलं एकतिसाव्याला. उत्तर तिथंच समोर होतं.

१ जानेवारी २०२५, बुधवार

सीआर २०३२ सेल लातूरहून आणला. जुना मल्टिमीटरवर १.९ व्होल्ट, नवा ३.२. बायोसमध्ये तारीख घातली. मेन पाडून दहा मिनिटं थांबलो, चालू केलं, वेळ जागेवर. ऑक्टोबरात हे केलं असतं तर... जाऊ दे.

२ जानेवारी, गुरुवार

बॅकअप. आता घड्याळ बरोबर, तरी फेल. आज वेगळंच: ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’. नवखा माणूस (म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा मी) हीच ओळ नेटवर शोधत बसतो. हिच्यात काही नाही. युनिटमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणाऱ्या फायलीत) मी ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ लिहिलंय, दोन प्रयत्नांच्या मधली विश्रांती मुळात एक दशांश सेकंद, आणि दहा सेकंदांत पाचदा पडला की सिस्टिमडी नाद सोडतो. म्हणजे सेकंदाच्या आत पाच आपट्या आणि वर हा शेरा. खरं कारण शेऱ्याच्या वरच्या ओळींत असतं. वर गेलो: स्टेटस २०३, एक्झेक.

२०३ म्हणजे सिस्टिमडीला ती स्क्रिप्ट चालवताच आली नाही. ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही.’ फाइल तर डोळ्यांसमोर आहे, परवानगी आहे, हातानं ‘बॅश’ (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) लावून चालवली तर चालतेय थोडीफार, विचित्र चुका देत. मग ‘कॅट -ए’ नं उघडली आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी टोपीचं चिन्ह आणि एम. विंडोजच्या ओळी! मंगळवारी दुपारी ऑफिसच्या लॅपटॉपवर ह्या स्क्रिप्टमध्ये एक फोल्डर वाढवलं, पेनड्राइव्हवरून आणून इथं टाकली. विंडोज ओळ संपवायला दोन अक्षरं वापरतो, लिनक्स एक. पहिल्याच ओळीत ‘बिन-बॅश’ च्या पुढं ते न दिसणारं जादा अक्षर चिकटलं, आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) त्या नावाचा, शेपटीसकट, प्रोग्राम शोधायला निघाला. तो नाहीच. संदेश खरा होता, फक्त कोणती फाइल नाही ते सांगत नव्हता. ‘सेड’ नं शेपट्या कापल्या, ‘रीसेट-फेल्ड’ दिलं, चालला.

म्हणजे मंगळवारची सकाळ वेगळ्या कारणानं फेल आणि आजची वेगळ्या. एकाच लाल खिडकीमागं दोन आजार.

मंगळवारचं कारण: टायमरनं मशीन उठताच बॅकअप चालवायला घेतला. नेट यायच्या आत. जुन्या मशीनला जोडता येईना, आरसिंक (फायली तिकडं नकलणारा प्रोग्राम) पडला. मी युनिटमध्ये ‘आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ (नेट जोडल्यानंतरच चालव) लिहिलेलं होतं आणि त्याच्या भरवशावर होतो. पण हा बॅकअप ‘--यूजर’ (एका खात्यापुरती) सर्व्हिस आहे, आणि यूजरच्या सिस्टिमडीला सिस्टिमची टार्गेट्स दिसतच नाहीत. ती ओळ लिहिली काय, न लिहिली काय. चूकही दाखवत नाही, मुकाट पुढं जातो. हे मला माहीत नव्हतं.

बॅकअप यूजरमधून काढून सिस्टिम सर्व्हिस केला, आत ‘यूजर=’ मध्ये काउंटरचं खातं दिलं, ‘आफ्टर’ बरोबर ‘वॉन्ट्स’ ही दिलं. ‘आफ्टर’ फक्त क्रम लावतो, बोलावून आणत नाही. पहिल्या खेपेला काहीच बदललं नाही कारण ‘डिमन-रीलोड’ (बदललेली युनिट पुन्हा वाचायला लावणं) विसरलो. दर वेळी विसरतो.

४ जानेवारी, शनिवार

सकाळी अनायासे सापडलं. काल रात्रीच्या बूटचं जर्नल (‘-बी -१’) शेवटापर्यंत बघायला गेलो तर शेवटच नाही. नीट बंद झालेल्या मशीनचं जर्नल ‘जर्नल स्टॉप्ड’ वर संपतं. हे ८:२४ ला हवेत संपलेलं, आणि आजच्या बूटच्या सुरुवातीला शेरा: जर्नलची फाइल खराब आहे किंवा नीट बंद झाली नाही, बाजूला ठेवून नवी करतोय. मागची सात-आठ बूट बघितली. सगळी तशीच.

काकांना विचारलं, बंद कसं करता? “शटडाउन दाबतो, मग मेन पाडतो, यूपीएसचं बी बटण दाबतो.” मधे किती वेळ थांबता? “किती थांबू? ते गोल फिरत ऱ्हातंय. दीड मिनिट मोजलं एकदा. शटरपाशी उभं राहून दीड मिनिट लई हुतंय.”

दीड मिनिट. नव्वद सेकंद. हा आकडा ओळखीचा: सर्व्हिसनं थांबायला नकार दिला तर सिस्टिमडी एवढा वेळ वाट बघून मग जबरदस्तीनं मारतो. शटडाउन दिलं, लोगो आल्यावर एस्केप दाबलं, खाली मजकूर आला: अमुक सर्व्हिसची वाट बघतोय, १ मिनिट ३० सेकंदांपैकी इतके. ती अमुक सर्व्हिस माझीच. ‘स्कॅन-नजर’. स्कॅनरनं टाकलेल्या फायलींना तारखेचं नाव देऊन योग्य फोल्डरात हलवणारी बॅशची स्क्रिप्ट.

उघडली. दुसऱ्याच ओळीत ‘ट्रॅप’ लावून टर्म सिग्नल (‘आता थांब’ असा इशारा) दुर्लक्षित करायला सांगितलेलं. फाइल अर्धी हलत असताना कुणी मारू नये म्हणून, असा माझा शहाणपणा. आणि दुर्लक्ष करण्याची ही आज्ञा आईकडून लेकराकडं जाते. स्क्रिप्टनं चालू केलेला ‘आयनोटिफायवेट’ (फोल्डरवर लक्ष ठेवणारा) पण टर्मला दाद देत नाही. सिस्टिमडी सगळ्या गटाला टर्म पाठवतो, गटातलं कुणी हलत नाही, नव्वद सेकंद, मग किल. आणि एकाच डिस्कवर फाइल हलवणं म्हणजे नुसतं नाव बदलणं. ते अर्धवट होतच नाही. ज्याला भिऊन ट्रॅप लावला ती भीतीच खोटी.

ट्रॅप काढला. ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ नं वरून ‘टाइमआउटस्टॉपसेक’ दहा सेकंद केलं. आता मशीन सहा सेकंदांत बंद होतं. काकांनी स्वतः मोजलं.

आता साखळी मागून पुढं लावून बघतो. माझ्या ट्रॅपमुळं मशीन बंद व्हायला दीड मिनिट. म्हणून काका तेवढं न थांबताच मेन पाडतात. मेन पडल्यानं सेलवर भार, घड्याळ गेलं. मेन पडल्यानं रांगेतलं शेवटचं काम अर्ध्यात तुटतं. आणि मेन पडल्यानं पुरावाही जातो: जर्नल डिस्कवर पक्कं व्हायला मुळात पाच मिनिटांचं अंतर असतं, फार गंभीर ओळ असेल तरच लगेच. काका ज्या पाच मिनिटांत सगळं करत होते नेमकी तीच पाच मिनिटं लिहिली जात नव्हती. जर्नलडीला ‘सिंकइंटरव्हलसेक’ तीस सेकंद दिलंय.

मेन पाडायचं बंद करा असं सांगणार नाही. पावसाळ्यात वीज पडून शेजारच्या दुकानातला टीव्ही जळाला होता, त्यांचं बरोबर आहे.

५ जानेवारी, रविवार

मराठी टायपिंग मधेच बंद. ते आयबस नावाचा प्रोग्राम सांभाळतो. ‘सिस्टिमसीटीएल --यूजर रीस्टार्ट आयबस’ म्हटलं तर असं युनिटच नाही. एक्सएफसीईवर आयबसला सेशन चालू होताना आयएम-कॉन्फिग उठवतो, सिस्टिमडी नाही. मागं चालणारं सगळंच सिस्टिमडीच्या पदरात असतं हा माझा गैरसमज. ‘आयबस-डिमन -डीआरएक्स’ नं जुन्याच्या जागी नवा बसवला. उघडलेली लिब्रेऑफिसची खिडकी मात्र बंद करून परत उघडावी लागली, तोवर तिच्यात इन्स्क्रिप्ट (मराठी कळफलक) आलं नाही. कारण सापडलं नाही. एकदाच झालंय, पुन्हा झालं तर बघू.

८ जानेवारी, बुधवार

बटण काढून टाकतो म्हटलं तर काका म्हणाले, “ऱ्हाऊ दे. काय करलालास त्येला काढून? दाबायला काय तरी पायजे माणसाला.” ह्यात तथ्य आहे, अडलेल्या वेळी मी लातूरला असतो.

बटण ठेवलं, आतली स्क्रिप्ट बदलली. आता दाबलं की आधी एका फाइलमध्ये सगळं लिहून ठेवते: कप्सचं स्टेटस, ‘एलपीस्टॅट’ चं पूर्ण उत्तर, कप्सच्या एरर लॉगच्या शेवटच्या दोनशे ओळी, ह्या बूटचं जर्नल सेकंदांसकट, आणि घड्याळात किती वाजलेत. मग रांग थांबलेली असेल तरच ‘कप्सएनेबल’. रीस्टार्ट सगळ्यात शेवटी, आणि तेही चालू काम नसेल तरच. फाइलच्या नावात तारीख. फोल्डरचं नाव ‘पंचनामा’.

११ जानेवारी, शनिवार

‘पंचनामा’ मध्ये एक फाइल. काल सकाळी ११:०६. सर्व्हिस चालू, रांग चालू, एक काम प्रोसेसिंग. प्रिंटरच्या अवस्थेपुढं लिहिलंय ‘मीडिया-एम्प्टी’.

कागद संपला होता. काकांना दाखवलं तर म्हणाले, “मला म्हाईत हाय, मी भरला नंतर.”

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. दुकान दुपारपर्यंतच. सकाळपासून ४२० पानांची तीन कामं सलग निघाली, मोजून. रविवारी लाइट दोनदा गेली, रांग थांबली नाही.

आतल्या डीटीपी मशीनवरही स्कॅन-नजरची तीच जुनी स्क्रिप्ट आहे, ट्रॅपसकट. संक्रांत झाल्यावर गुरुवारी येऊन काढतो. त्या मशीनचा सेलही मोजायचा.